समाधान कोणत्या दिवशी मोजायचे?

सुरकुत्यांवरील इंजेक्शनांच्या जाहिरातींत समाधानी रुग्णांची टक्केवारी ठळक अक्षरांत छापलेली असते. तो प्रश्न कधी आणि कोणत्या शब्दांत विचारला होता, याचा मात्र तेथे मागमूस नसतो. संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे मला टक्केवारीपेक्षा तिच्यामागच्या प्रश्नात अधिक रस वाटतो.

भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी बोटॉक्स हे स्नायू सैल करणारे इंजेक्शन वापरण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २००२ मध्ये मान्यता दिली. त्यामागील चाचण्यांचे निष्कर्ष औषधाच्या माहितीपत्रकात दिलेले आहेत. औषध मिळालेल्यांपैकी ८० टक्के लोकांना तिसाव्या दिवशी गुण आला, असे डॉक्टरांचे परीक्षण सांगते. रुग्णांच्या स्वतःच्या मते मात्र हे प्रमाण ८९ टक्के होते. १२० व्या दिवशी हेच आकडे अनुक्रमे २५ आणि ३९ टक्क्यांवर उतरले. वरवर पाहता रुग्ण डॉक्टरांपेक्षा उदार असतात, असे कोणीही म्हणेल. परंतु दोघांना विचारलेला प्रश्न एक नव्हता. डॉक्टरांनी रुग्णाला शक्य तितक्या जोराने आठ्या घालायला लावून त्या ‘नाहीत’, ‘सौम्य’, ‘मध्यम’ की ‘तीव्र’ हे ठरवायचे होते आणि पहिल्या दोन पायऱ्यांत बसेल त्यालाच गुण आला असे धरायचे होते. रुग्णाने मात्र पूर्वीच्या मानाने निदान मध्यम सुधारणा झाली का, एवढेच सांगायचे होते. एकाने स्थिती मोजली, दुसऱ्याने बदल मोजला. ज्याच्या आठ्या ‘तीव्र’वरून ‘मध्यम’वर आल्या, तो डॉक्टरांच्या तक्त्यात नापास आणि स्वतःच्या आरशात पास, असे सहज घडू शकते. शिवाय यांपैकी एकही प्रश्न थेट समाधानाचा नाही.

समाधानाचा प्रश्न नीट विचारण्यासाठी अ‍ॅन क्लासेन, अँड्रिया पुसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फेस-क्यू’ ही प्रश्नावली तयार केली. चेहऱ्याविषयीचे समाधान, सुरकुत्यांचा वाटणारा त्रास, मानसिक स्वास्थ्य यांसाठी तीत स्वतंत्र मोजपट्ट्या असून उत्तरांचे रूपांतर ० ते १०० गुणांत केले जाते. आपण खऱ्या वयापेक्षा किती वर्षांनी लहान किंवा थोराड दिसतो, हे उणे १५ ते अधिक १५ अशा रेषेवर दाखवायला सांगणारी पट्टी मला विशेष आवडते, कारण लग्नसमारंभात आपल्याकडे हाच हिशेब विनासंकोच मांडला जातो.

बोटॉक्स देणाऱ्या एका दवाखान्याने मध्यंतरी आपल्या रुग्णांचे अभिप्राय विश्लेषणासाठी माझ्याकडे पाठवले होते. आकडे इतके देखणे होते की ते गोळा कसे होतात, हे पाहायला मी मुद्दाम गेलो. बिल भरताना काउंटरवरच्या टॅबलेटवर पाच चेहरे उमटत, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि एका हाताने कपाळावर बर्फाची पिशवी धरलेली व्यक्ती दुसऱ्या हाताने त्यांपैकी एकावर बोट टेकवत असे. या औषधाचा परिणाम दिसू लागायला दोन-तीन दिवस लागतात, तो पूर्णपणे दिसायला सुमारे दोन आठवडे ते महिना जातो आणि साधारण तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. तेव्हा त्या काउंटरवर मोजले जात होते ते फार तर सुई टोचणाऱ्याचा हलका हात आणि रिसेप्शनवरील मुलीचे सौजन्य.

मोजमाप इंजेक्शनच्या आधीपासूनच सुरू व्हायला हवे. माणूस आपला पूर्वीचा चेहरा लवकर विसरतो. म्हणून त्याच प्रकाशात, त्याच अंतरावरून, एकदा चेहरा सैल सोडून आणि एकदा आठ्या घालून काढलेली छायाचित्रे जवळ लागतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अपेक्षेची. स्नायू आखडल्यावर उमटणाऱ्या रेषांवर हे औषध चांगले चालते, पण चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या, वर्षानुवर्षे रुतलेल्या रेषा त्याने पूर्णपणे जातीलच असे नाही. हे आधी न सांगितल्यास उत्तम टोचलेले इंजेक्शनही कमी गुण मिळवते, आणि तो दोष हाताचा नसून संभाषणाचा असतो.

त्या दवाखान्याला मी आणखी एक यादी मागितली होती: पहिल्या इंजेक्शननंतर पुन्हा फिरकलेच नाहीत, अशांची. पुढच्या डोससाठी येणारा बहुधा खूश असतोच. नाराज माणूस तक्रार न करता दुसरा डॉक्टर गाठतो. अशांना चौथ्या महिन्यात फोन करावा लागेल आणि तो इंजेक्शन देणाऱ्याने किंवा त्याच्या कर्मचाऱ्यांनी करून चालणार नाही, कारण त्यांना ‘छान आहे हो’ याखेरीज दुसरे उत्तर सहसा मिळत नाही. ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांची संख्याही टक्केवारीशेजारी छापावी, असे मी कळवले आहे.