आमच्या घरातल्या संगिनीचा छडा

साताऱ्याच्या घरी खंडेनवमीला पूजेत एक संगीन मांडतात. पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढले आणि १९१९ला परतताना ती घेऊन आले, असं सगळे सांगत आलेत. मला जुन्या शस्त्रांचा नाद लागला, तेव्हा पहिली पाळी तिचीच.

काका ती चिंच-राखेनं लख्ख घासायला निघाले होते. त्यांना आधी थांबवलं. पोलादावरचा जुना काळसर थर गेला की ठसे पुसट होतात आणि वस्तूचं मोलही जातं. शिवणयंत्राचं तेल, मऊ टूथब्रश आणि सुती फडकं एवढ्यावर भागलं. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू तेलाबरोबर निघालं, पण ठशांच्या खोबणीत लाली राहिली. ती तशीच ठेवली, कारण अक्षरं उठून दिसत होती ती तिच्यामुळेच.

मोबाईलचा टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. मुठीलगतच्या सपाट भागावर मुकुट, खाली 'जी आर' (राजा जॉर्जची आद्याक्षरं), मग १९०७, '८ १७' आणि सँडरसन. चुलतभावानं लगेच १९०७वरून वय काढलं. ते मात्र नमुन्याचं साल, ली-एनफिल्ड रायफलसाठी ब्रिटिशांनी मंजूर केलेल्या संगिनीचं. घडणीची तारीख खालची, ऑगस्ट १९१७. सँडरसन हा शेफील्डचा कारखाना. उलट बाजूला सरकारी बाण, तपासनिसांचे बारीक ठसे आणि एक फुली. पातं वाकवून पाहिल्याची ती खूण. मुठीच्या टोकाला चिखल-माती निघून जायला आरपार भोक असतं, १९१६पासूनचं. तेही होतं.

इथवर पणजोबांची गोष्ट बसत होती. मार्च १९१७ला बगदाद पडलं तरी तिकडची लढाई ऑक्टोबर १९१८पर्यंत चालली.

मग टेप लावली. या नमुन्याचं पातं १७ इंच असतं, आमचं जेमतेम १२. काका म्हणाले, "टोक मोडलं असेल, लोहाराकडून करून घेतलं असेल." पण पात्यावरची पन्हळ पाहा. (रक्त वाहून जायला असते म्हणतात, त्यात तथ्य नाही. वजन कमी करायला असते.) मूळ संगिनीत ती टोकाच्या बरीच आधी संपते, इथे मात्र पार टोकाजवळ गेली होती. म्हणजे पातं कापून नवं टोक काढलेलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात जुन्या लांब संगिनी अशाच १२ इंचांवर आणल्या, आणि ईशापूरच्या रायफल कारखान्यात आखूड पात्याच्या नव्याही बनल्या. तरी लोहाराची शंका उरतेच. ती मिटवली म्यानानं. म्यान त्याच मापाचं, आणि चामड्यावर अंगठ्याच्या नखाएवढा ठसा : १९४३.

म्हणजे १९४३च्या सुमाराला हे पातं सरकारी कोठारातच होतं. पणजोबांच्या ट्रंकेत ते असूच शकत नाही. आजोबा मात्र त्याच काळात पलटणीत होते, ब्रह्मदेशात जाऊन आलेले. त्यांच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही, कारण ते स्वतःच बोलले नाहीत.

काकांना हे पटलेलं नाही. "अरे, बाबांच्या तोंडून ऐकलंय मी. तुला ठशांवरून काय कळतंय?" आत्या तेवढी म्हणाली, की लहानपणी ही संगीन तिनं आजोबांच्याच खोलीत पाहिली होती. संगिनीनं फार तर आजोबांचा काळ सिद्ध होतो, त्यांचा हात नाही. ते मी काकांनाही सांगितलं.

अशी वस्तू घरात असेल तर एक काम टाळू नका. शस्त्र नियमांत संगिनीचं नाव स्पष्ट आहे, म्हणून मी ठाण्यात लेखी माहिती देऊन पोच घेतली. विकत घेणाऱ्यांनी तर आधी तिथेच विचारावं.

आता आजोबांची सेवापत्रिका मिळवायची आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे, अर्ज तिकडेच पाठवतोय. त्यांचा पलटणीतला नंबर आत्याकडच्या जुन्या पेन्शनच्या कागदावर सापडला.