बिजली अपडेट: काका घोडी विकायला काढतायत

मंडळी, पावसाळ्यानंतरचा अपडेट द्यायचा राहिला होता, त्यात आता ही बातमी. बिजलीचे मालक, म्हणजे काका, तिला विकतायत. काकांचा गुडघा रिकिबीत पाय टाकू देत नाही, मुलगा बंगलोरला, पागेचं भाडं दर महिन्याला चालूच, त्यामुळे चिडण्यासारखं यात काही नाहीये. दिवाळीत फराळाला गेले होते तेव्हा चहा झाल्यावर म्हणाले, "अगं, दत्तजयंतीच्या आत इथेच गिऱ्हाईक मिळालं तर बरं, नाहीतर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्यावी लागेल." मी चकली खात होते, ती खातच राहिले, काय बोलणार.

नवीन लोकांसाठी: बिजली मारवाडी जातीची घोडी, कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ) रंग, उंची ६० इंच, माझ्याकडे हाफ लीजवर. म्हणजे खुराक आणि नालबंदीचा अर्धा खर्च माझा, आठवड्यातले तीन दिवस सवारी माझी, मालकी काकांची. सुरुवातीलाच साध्या कागदावर लिहून घेतलं होतं की विकायचं ठरलं तर ३० दिवस आधी सांगायचं, बाहेरच्या कुणाला विचारायच्या आधी मला विचारायचं, आणि कुठलं सामान कुणाचं. तेव्हा काका हसले होते, आता तोच कागद त्यांनी स्वतः कपाटातून काढून आणला. तोंडी लीजवर जे चालवतायत त्यांनी एवढं तरी लिहून घ्याच, आणि गिऱ्हाईक ट्रायल घेताना घोडा लंगडला तर डॉक्टरचं बिल कोण भरणार ही ओळही टाका, आमच्या कागदात ती नव्हती म्हणून परवा हाताने लिहून दोघांनी सह्या केल्या.

मी घेणार नाहीये. आधी मला विचारलं, किंमतही घरच्यासारखी सांगितली, पण पागेचं भाडं, सईसचा पगार, चारा आणि दर सहा आठवड्यांनी नालबंद हे सगळं एकटीने उचलायचं म्हणजे माझ्या पगारात बसतच नाही, आणि घोडी घेऊन खुराकात काटकसर करायची हे मला जमणार नाही.

आता खरी मजा. पावसाळाभर मी इथे ट्रॉटचं, म्हणजे दुडक्या चालीचं, लिहीत होते आठवतंय ना? बिजली आली तेव्हा तिची चाल म्हणजे नुसती मिसळ होती, पुढचे पाय रेवाल (मारवाडी घोड्यांची चार ठेक्यांची मऊ चाल) आणि मागचे ट्रॉट. सव्वाचार फुटांवर जमिनीवर आडवे पोल लावून, मोठ्या गोलांवर घालून स्वच्छ दोन ठेक्यांचा ट्रॉट बसवला, जाम खूश होते मी. आणि आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक काय म्हणतंय? "रेवाल दाखवा." बाजारात मारवाडीची किंमत चालीवर ठरते, पाठीवर पाण्याचा ग्लास ठेवला तरी सांडू नये अशी चाल पाहिजे असते, आणि बिजली शहाण्यासारखी ट्रॉट करून दाखवते! काका नुसते माझ्याकडे बघतात.

म्हणून सध्याचं काम म्हणजे रेवाल वेगळ्या इशाऱ्यावर बांधणं. ट्रॉटसाठी मी रायझिंगची (ठेक्यावर खोगिरात उठबस करायची) तयारी करते आणि लगाम थोडा लांब सोडते. रेवालसाठी खोल बसायचं, हात जरासे वर, आणि वॉकमधूनच, म्हणजे साध्या चालण्यातूनच, हळूहळू वेग मागायचा, पायांचे चार ठेके सुटे ऐकू आले पाहिजेत. ट्रॉटमध्ये पडली की न ओरडता परत वॉक. सिमेंटच्या रस्त्यावर नालांचा आवाज मस्त कळतो, फक्त तिथे वेग नको, घसरते. सरळ रस्त्यावर आता बऱ्यापैकी येतंय, वळणावर अजून मोडते.

गिऱ्हाइकांबद्दल काय सांगू. पहिले आले त्यांनी अंगावरचे केसांचे भोवरे मोजले, देवमण (गळ्यावरचा शुभ मानतात तो भोवरा) आहे का बघितलं, कानांची टोकं जुळतात का बघितलं, पाय एकही उचलला नाही. भोवऱ्यांवर ज्याचा विश्वास आहे त्याने ठेवावा बापडा, पण टाचेतली सूज भोवरा सांगत नाही. दुसऱ्यांना वरातीसाठी हवी होती, विचारलं डीजेसमोर नाचेल का. मी म्हटलं ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला तर ती शेजारच्या उसात जाते. खरंच जाते, खोटं नाही सांगितलं, पण जरा जोरात सांगितलं असेल.

डॉक्टरांची तपासणी काकांच्या खर्चाने आधीच करून घेतली. हृदय शांत असताना आणि कँटरनंतर (हलक्या दौडीनंतर) असं दोनदा ऐकलं, एकेक पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच ट्रॉट करायला लावला, खुराला चिमटा लावून बघितला. पावसाळ्यानंतर माश्या असतात म्हणून सर्रा या माश्यांमुळे पसरणाऱ्या रोगासाठी रक्त दिलं, ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठीही दिलं, बाजारात न्यायची वेळ आलीच तर तो रिपोर्ट हातात हवाच. खालच्या कडेच्या दातांतले खड्डे जवळपास बुजलेत, म्हणजे काका म्हणतात तशी आठच्या आसपास आहे, उगाच सहा सांगत नव्हते. उजव्या मागच्या पायाला जरा ताठरपणा आहे, वॉर्मअपनंतर जातो, तो मी व्हिडिओत मुद्दाम ठेवलाय. काकांना आधी पटलं नाही, पण नंतर भांडण होण्यापेक्षा आत्ताच दिसलेलं बरं.

तिसरं गिऱ्हाईक बारामतीकडचं, एक ताई, एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या शर्यती) करतात. त्यांनी आल्या आल्या चारही पाय चाचपले, मग पाठ दाबून बघितली, आणि रेवालचं नावच काढलं नाही, ट्रॉट किती वेळ टिकतो विचारलं. माझ्या तोंडावर केवढं हसू आलं असेल बघा. स्वतःचा डॉक्टर घेऊन रविवारी परत येतायत, ट्रायल आमच्याच मैदानावर, घोडी बाहेर न्यायची नाही असं ठरलंय. त्यांनी नाही म्हटलं तर टेम्पो सांगून ठेवलाय. मी सारंगखेड्याला सोबत जाणार, रात्रभर टेम्पोत तिला अनोळखी माणसाबरोबर सोडायची नाही.

सॅडल मात्र माझं आहे, कागदावर लिहिलंय. अरुंद ट्री (आतला सांगाडा), उंच विदर्ससाठी (खांद्यांमधल्या उंचवट्यासाठी) भरून घेतलेलं. पुण्याच्या आसपास तशा पाठीचा कुणाचा घोडा हाफ लीजवर द्यायचा असेल तर कळवा, चाल कुठलीही चालेल.