टक्केवारीच्या आत दडलेली जमीन

एखाद्या देशाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात भूवापर बदलाचा, म्हणजे जंगल तोडून तिथे शेती करण्यासारख्या बदलांचा, वाटा अमुक टक्के आहे, असे विधान वाचनात आले की ते स्वीकारण्याआधी मी त्याचे गणित कागदावर मांडून पाहते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या बाबतीत धुराड्यातून किती वायू बाहेर पडला एवढेच मोजायचे असते. जमीन मात्र वायू सोडतेही आणि शोषूनही घेते, त्यामुळे तिचा हिशेब मांडण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत आणि प्रत्येक रीतीचे उत्तर वेगळे येते.

समजा, एका देशात वीज, वाहतूक, उद्योग आणि शेती यांचे उत्सर्जन मिळून ६० एकक आहे, जंगलतोडीतून ४० एकक बाहेर पडतात आणि वाढणारी जंगले ३० एकक शोषून घेतात. केवळ बाहेर पडणारा वायू धरला तर जमिनीचा वाटा ४० टक्के भरतो. शोषण वजा केले तर जमिनीच्या खात्यात १० एकक उरतात, देशाची बेरीज ७० होते आणि वाटा १४ टक्क्यांवर येतो. शोषण ५० एकक असेल तर जमिनीचा आकडा उणे दहा होतो आणि मग ‘वाटा’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. पहिल्या दोन्ही उत्तरांत बेरीज-वजाबाकीची चूक नाही आणि दोन्हींत तोडलेले जंगल तेवढेच आहे. याच देशाने पुढे इतर क्षेत्रांतील उत्सर्जन ६० वरून १२० वर नेले, तर जंगलतोड तशीच चालू असतानाही शोषण वजा न करता काढलेला वाटा ४० वरून २५ टक्क्यांवर उतरतो, आणि ती घट प्रगती म्हणून सांगितली जाण्याची मला खरोखर भीती वाटते.

जागतिक आकड्यांतही अशीच गल्लत होते. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरील संयुक्त राष्ट्रांची शास्त्रीय समिती, हिच्या सहाव्या अहवालानुसार २०१९ साली जगाचे एकूण उत्सर्जन सुमारे ५९ अब्ज टन होते आणि त्यात शेती, वने व इतर भूवापर यांचा एकत्रित वाटा २२ टक्के होता. हा आकडा पुष्कळदा जंगलतोडीच्या नावावर सांगितला जातो, पण त्यात गुराढोरांचा आणि भातशेतीचा मिथेन, खतांमधून निघणारा नायट्रस ऑक्साइड हेही आलेले असतात. भूवापर आणि वने यांतून निघणारा, शोषण वजा जाता उरलेला निव्वळ कार्बन डायऑक्साइड त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६.६ अब्ज टन होता. त्यातही अनिश्चितता दोन्ही बाजूंना ४.६ अब्ज टनांची. एवढी अनिश्चितता का, हे एका झाडावरून कळते. दोन टन सुक्या लाकडात साधारण एक टन कार्बन असतो आणि तो जळला किंवा कुजला की ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. इथवरचे गणित सोपे आहे. परंतु तेलाची विक्री नोंदवहीत सापडते, तशी तोडलेल्या जंगलात किती लाकूड होते, मुळांत किती आणि मातीत किती कार्बन होता, याची नोंद कुठेच नसते.

वाटा खरोखर कसा घटतो, ते ब्राझीलने दाखवले. तेथील अवकाश संशोधन संस्था उपग्रहांच्या आधारे दरवर्षी ॲमेझॉनमधील जंगलतोड मोजते. २००४ साली ती २७,७७२ चौरस किलोमीटर होती; संरक्षित क्षेत्रे वाढवणे, उपग्रहावरून तत्काळ इशारे देणे आणि नियम मोडणाऱ्यांचे कर्ज रोखणे अशा उपायांनंतर २०१२ साली ती ४,५७१ वर आली. २०२१ साली ती पुन्हा १३,००० च्या वर गेली. कारखाने आणि वाहने इतक्या वेगाने बदलत नाहीत. जमिनीचा आकडा धोरणाबरोबर काही वर्षांत खाली येतो आणि तितक्याच लवकर वर जातो. म्हणूनच एकाच वर्षाच्या टक्केवारीवरून देशाबद्दल मत बनवणे मला अन्यायाचे वाटते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती पीटच्या जमिनीची. पाण्याखाली न कुजता हजारो वर्षे साचत गेलेल्या वनस्पतींचा तो थर असतो. इंडोनेशियात १९९० च्या दशकात भातासाठी मध्य कालिमंतानच्या पीट जमिनीत हजारो किलोमीटरचे कालवे खणले गेले. कालवा खणला की पाण्याची पातळी उतरते, उघड्या पडलेल्या थराला हवा लागते, तो कुजू लागतो, जमीन वर्षागणिक खचते आणि कोरड्या वर्षी जमिनीखालूनही आग धुमसत राहते. आग लागली नाही तरी उत्सर्जन थांबत नाही: पाणी काढलेल्या पीटवर तेलताडाची लागवड असेल, तर आयपीसीसीच्या प्रमाणित गुणांकानुसार हेक्टरी वर्षाला ११ टन कार्बन, म्हणजे सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. देशाच्या उत्सर्जनाच्या तक्त्यात, हिशेबाच्या नियमांप्रमाणे, रूपांतरित जमीन साधारणपणे २० वर्षे ‘बदललेली’ म्हणून नोंदवतात आणि त्यानंतर ती ‘शेतजमीन, शेतजमीनच राहिलेली’ या ओळीत जाते. ज्याने फक्त बदलाच्या ओळींची बेरीज केली, त्याच्या टक्केवारीतून ही जमीन एकविसाव्या वर्षी गळते, पण कालव्यात बांध घालून पाणी पुन्हा वर आणेपर्यंत तिचे कुजणे चालूच राहते. देशाचा तक्ता हाती आला की मी आता सर्वांत आधी तीच ओळ शोधते.