विहिरीतले पांढरे केस: नमुना १७, तिसरी नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सतरा नंबरचा एक्सआरडी आलेख (खनिजाच्या पुडीवर क्ष-किरण सोडून ते कोणत्या कोनांवर परततात त्याचा आलेख) कशाशीच पुरता जुळत नाही. आता जुळलाय. कसा जुळला ते सविस्तर सांगतो, कारण चूक मी केली होती आणि ती तुमच्यापैकी कुणाच्याही हातून होऊ शकते.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी आधीचं थोडक्यात: भोकरदनकडे एका शेतात विहीर खोल करताना साधारण ४० फुटांवर मांजऱ्या खडकाचा, म्हणजे पोकळ्यांत खनिजं भरलेल्या बेसॉल्टचा थर लागला. सुरुंगानंतर वर काढलेल्या डबरात नारळ मावेल एवढी पोकळी असलेला एक तुकडा सापडला. आतून निळसर हिरवं अस्तर. त्यावर मधे रुंद आणि टोकांकडे निमुळते होत गेलेले फिकट गुलाबी स्फटिक. त्यांचा सपाट पापुद्रा मोत्यासारखा चमकतो, तेवढ्यावरूनच ते ह्यूलँडाइट (झिओलाइट या खनिजगटातलं एक) म्हणून ओळखले. या स्फटिकांच्या अंगावर पांढरे गोंडे होते, रुईची म्हातारी असते ना, अगदी तसे. दहा पटीच्या भिंगातही एकेक केस सुटा दिसत नव्हता. फुंकर घातली की सगळा गोंडा एकदम हलायचा.

पहिला संशय स्कोलेसाइटचा, तेही केसांसारखं वाढणारं झिओलाइट. ज्योतीत धरलं की ते अळीसारखं वळतं, त्याचं नावच अळीच्या ग्रीक शब्दावरून पडलंय. ओळखीच्या सोनाराच्या गॅसवर गोंड्यातला एक झुपका धरून पाहिला. वळला नाही. पातळ आम्लाच्या थेंबानं फेसही आला नाही, म्हणजे कॅल्साइटही नव्हे. मग गोंडे खरवडून पूड तपासायला दिली. आलेख आला, त्यातल्या काही रेषा ह्यूलँडाइटच्या निघाल्या, बाकीच्यांना संगणकानं नावच दिलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. नवं खनिज असेल का, हा विचार ज्याला शिवला नाही असा दगडवेडा मला अजून भेटायचाय.

आता चूक. आलेख १० अंशांच्या कोनापासून सुरू केलेला होता. खडकाच्या नेहमीच्या तपासणीला तेवढं पुरतं, झिओलाइटला पुरत नाही. झिओलाइटच्या सांगाड्यात मोठाल्या पोकळ्या असतात, थरांमधली अंतरं मोठी असतात, आणि अंतर जेवढं मोठं तेवढा कोन लहान, म्हणून ओळखीच्या रेषा अगदी सुरुवातीलाच येतात. तांब्यापासून मिळणाऱ्या नेहमीच्या क्ष-किरणांवर ह्यूलँडाइटची मुख्य रेषा ९.९ अंशांजवळ, स्टिल्बाइटची ९.७ जवळ, मॉर्डेनाइटचीही एक तिथंच. आम्ही पाहायला लागलो तेच या साऱ्यांच्या पुढून. ‘५ अंशांपासून घ्या’ हे मी चिठ्ठीवर लिहायला हवं होतं.

दुसऱ्यांदा ५ पासून घेतला. ६.५ अंशांवर स्वच्छ शिखर उभं राहिलं, म्हणजे थरांमधलं अंतर १३.५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). ते मॉर्डेनाइट या तंतुमय झिओलाइटचं. मग १३.५ आणि २५.६ अंशांवरच्या बेवारस रेषाही त्याच घरच्या निघाल्या. ७.७ ला काही नाही, हे पाहून जास्त बरं वाटलं. तिथं एरिओनाइट या दुसऱ्या तंतुमय झिओलाइटची मुख्य रेषा येते आणि त्याच्या तंतूंनी तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियातल्या काही गावांत छातीच्या आवरणाच्या कर्करोगानं किती माणसं गेली ते ठाऊक आहे. तंतुमय झिओलाइट कधीही कोरडं कुटू नका. पाण्याखाली खरवडा, मास्क लावा, आणि मी घातली तशी फुंकर तर मुळीच घालू नका.

समजा, शिखर आलंच नसतं, तरी ‘नवीन’ म्हणायला फार लांब जावं लागलं असतं. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेच्या समितीपुढे रासायनिक विश्लेषण, स्फटिकरचना, प्रकाशीय गुणधर्म हे सगळं ठेवावं लागतं, मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, मग सदस्य मत देतात. शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही. शिवाय सीमारेषाही सरकतात. १९९७ साली झिओलाइटची नावं नव्यानं लावली, तेव्हा नुसतं ‘ह्यूलँडाइट’ हे एका खनिजाचं नाव राहिलं नाही, मालिकेचं झालं. कॅल्शियम जास्त की सोडियम, पोटॅशियम की स्ट्रॉन्शियम, त्यावरून खनिज वेगळं. सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या चौपट किंवा त्याहून जास्त भरलं की तेच क्लिनोप्टिलोलाइट, रचना तीच असूनही. म्हणून माझे गुलाबी स्फटिक नक्की कोणते हे विश्लेषण आल्याशिवाय लिहिणार नाही. डब्यावर सध्या फक्त ‘ह्यूलँडाइट मालिका’.

रविवारी शेतावर जाऊन शेताचे मालक आबांना मॉर्डेनाइट हे नाव सांगितलं. मॉर्डेन हे कॅनडातलं गाव, तिथून आलं. आबांनी गोंड्याचा तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. “आमच्या विहिरीतून निघालं न् नाव कॅनडाचं कामून?” मी सांगितलं, तिकडच्यांनी आधी नोंद केली, १८६४ साली. “मग आमच्या गावाची नोंद तुम्ही करा,” म्हणाले. डब्यावर गाव, गट नंबर आणि खोली लिहून फोटो त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवलाय.

आता हिरवं अस्तर राहिलं. सेलाडोनाइट हे हिरवं खनिज असावं, पण आधी पूड ५ अंशांपासून.