आमची वाटचाल: काना-मात्रा सांभाळणारी वेबसाइट कंपनी

नाशिकच्या कॉलेज रोडला एका गाळ्यात दोघांनी सुरू केलेलं काम, छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवायच्या. कस्टमर सगळे आपल्याच भागातले, पिंपळगावचे द्राक्षवाले, येवल्याचे पैठणीवाले, लासलगावचे कांदा व्यापारी. उधारी, जीएसटी वगैरे सगळ्यांचंच असतं, ते सोडा.

जम बसला तो मराठी पेजमुळे. लिंकपण मराठीत वाचता आली पाहिजे म्हणतात लोक. आता शीर्षकावरून लिंकचा तुकडा म्हणजे स्लग बनवणारी फंक्शन रेडीमेड मिळतात, पण बरीचशी इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली. "नाशिकची द्राक्षं" टाकलं की काही सरळ रिकामी स्ट्रिंग देतात (म्हणजे एकही अक्षर उरत नाही), युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत) चालू केलं तर "नशकच-दरकष", कारण पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या रेजेक्समधे (मजकुरात नमुने शोधायची सोय) "शब्दातलं अक्षर" या खुणेत काना, मात्रा, हलंत, अनुस्वार धरतच नाहीत. हे कुठल्या कस्टमरला दाखवणार?

म्हणून फंक्शन स्वतःचं लिहिलं आणि नियम ठेवला, नवा कस्टमर आला की आधी त्याच्या दुकानाचं नाव टेस्टमधे, म्हणजे फंक्शन बरोबर चालतंय का ते आपोआप तपासणाऱ्या कोडमधे. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं "ॲग्रो"ने (इकडे दर तिसऱ्या बोर्डवर असतंच). कुणाच्या कीबोर्डवर ॲ हे एकच अक्षर येतं, कुणाच्या अ वर वेगळा चंद्र बसतो, स्क्रीनवर सेम टू सेम पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द, म्हणजे बॉक्सवर छापलेली लिंक हाताने टाइप केली तर ४०४, म्हणजे पेजच सापडत नाही. "शेतकऱ्यां"मधला ऱ र खाली नुक्ता (टिंब) देऊन लिहिला असेल तर युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलं असेल तर एकसारखं करायचा नियम) जुळवून घेतं, ॲ चं मात्र नाही जुळवत, ते आपल्यालाच करावं लागतं, लिंक बनवताना आणि लिंक उघडतानाही.

काहींना व्हॉट्सॲपसाठी रोमन लिंक हवी असते, त्यांचंही बरोबर, देवनागरी लिंक कॉपी केली की बऱ्याचदा एकेका चिन्हाचे ९ कॅरेक्टर होतात, नुसत्या "नाशिक"चे ४५. पण अक्षराला अक्षर लावून रोमन केलं तर लासलगावचं "लासालागावा" होतं, मग गावांची यादी हातानेच भरली.

आता सिंहस्थामुळे लॉज आणि टूरवाल्यांची कामं येताहेत, त्र्यंबकेश्वर कधीच टेस्टमधे गेलंय. लांबलचक नावं कापताना जोडाक्षर मधेच तुटतं, ती टेस्ट अजून लाल म्हणजे नापास आहे, काम चालू आहे.