जुन्या प्लाझ्मा टेबलाला नवा कंट्रोलर बसवला, त्याचा अनुभव

जालन्याच्या एमआयडीसीत आमचं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. कल्टिव्हेटर, वखर, पेरणी यंत्र, असलं सगळं. त्याच्या प्लेटा आम्ही दहा बाय पाच फुटांच्या सीएनसी प्लाझ्मा टेबलावर कापतो, म्हणजे प्रोग्रामप्रमाणे मोटारींवर फिरणारी, विजेच्या ज्वाळेने लोखंड कापणारी टॉर्च. टेबलाचा सांगाडा ठणठणीत, पण डोकं म्हणजे पॅरलल पोर्टवाला जुना संगणक. त्याचा मदरबोर्ड गेला आणि तसा पोर्ट असलेला दुसरा धड मिळेना. तसंही त्याचं दुखणं जुनंच होतं. विंडोज चालवता चालवता तोच मोटारींना पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, देणार. मध्येच त्याला दुसरं काम आठवलं की पल्स मागेपुढे व्हायची आणि स्टेपर मोटार (दर पल्सला एक ठरावीक पायरी फिरणारी) एखादी पायरी गाळायची. लांब प्लेटच्या शेवटच्या टोकाला भोकं दोन-तीन मिलिमीटर सरकलेली सापडायची. मग ग्राइंडर घ्या आणि बसा.

अक्षय्य तृतीया झाली की अवजारांची गर्दी सुरू होते, म्हणून होळीनंतर लगेच काम काढलं.

पहिला वाद स्टेपर की सर्व्हो. ज्याला विचारावं तो आपल्या दुकानात असेल तेच सांगतो. माझं मत असं झालं की हा प्रश्न सगळ्या मशीनला एकदम विचारायचाच नाही, एकेका ॲक्सिसला, म्हणजे सरकण्याच्या एकेका दिशेला, विचारायचा. स्टेपरला पल्स मिळाली की तो फिरला असं कंट्रोलर धरून चालतो. वेग वाढला की त्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, उतरतो, आणि पायरी चुकली तरी तो बोलत नाही. सर्व्होच्या मागे एन्कोडर असतो, तो मोटार खरंच किती फिरली ते मोजतो. सांगितलेली जागा आणि खरी जागा यात फरक वाढला की ड्राइव्ह, म्हणजे मोटारीला वीज देणारा डबा, अलार्म देऊन थांबतो. आमची गँट्री, म्हणजे टॉर्च वाहणारा आडवा पूल, जड आणि धाव लांब, म्हणून एक्सला (गँट्रीवरच्या आडव्या धावेला) एक आणि वायच्या (गँट्रीच्या लांब धावेच्या) दोन्ही बाजूंना एकेक, असे 750 वॉटचे तीन सर्व्हो घेतले. टॉर्च वर-खाली करणारा झेड हलका, 5 मिलिमीटर पिचचा (एका फेऱ्यात तेवढा सरकणारा) बॉल स्क्रू; तिथे जुना नेमा 23 मापाचा स्टेपरच ठेवला. कंट्रोलर पल्स आणि डायरेक्शन देणारा असला की पलीकडे स्टेपरचा ड्राइव्ह आहे की सर्व्होचा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हे समजलं आणि निम्मा खर्च वाचला.

इथरकॅटचाही विचार केला. बेकहॉफ या जर्मन कंपनीने 2003 साली आणलेली पद्धत. एकाच केबलने सगळे ड्राइव्ह एकामागोमाग जोडायचे, आणि अलार्म कुठला, मोटार नेमकी कुठे आहे, हे सगळं कंट्रोलरला परत कळतं. चीज चांगली आहे, पण प्लेटा कापायला एवढं लागत नाही. चार ॲक्सिसचा, स्वतःचा डिस्प्ले असलेला, पेनड्राइव्हवरून प्रोग्राम घेणारा सुटा कंट्रोलर घेतला.

त्यानंतर आकडेमोड. ही कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आमचा पिनियन, म्हणजे रॅक या दातेरी पट्टीवर धावणारं छोटं चाक, दीड मॉड्यूलचा (हे दातांचं माप), 20 दातांचा. म्हणजे पिच व्यास 30 आणि परीघ 94.25 मिलिमीटर. मध्ये 5 ला 1 गिअरबॉक्स, म्हणजे मोटारीच्या एका फेऱ्यात गँट्री 18.85 मिलिमीटर सरकते. मला रिकामी धाव मिनिटाला 15 मीटर हवी होती, म्हणजे सेकंदाला 250 मिलिमीटर, म्हणजे मोटारीचे सव्वातेरा फेरे. एन्कोडर 17 बिटचा, एका फेऱ्यात 1,31,072 खुणा. प्रत्येक खुणेला एक पल्स द्यायची म्हटली तर सेकंदाला सतरा लाखांवर पल्स लागतात, आणि आमचा कंट्रोलर एका ॲक्सिसला जास्तीत जास्त दोन लाख देतो. यावर तोडगा ड्राइव्हमध्येच असतो, इलेक्ट्रॉनिक गिअर: एका फेऱ्याला किती पल्स हे आपणच ठरवायचं. मी एका फेऱ्याला 5000 पल्स ठेवल्या. मिलिमीटरला 265.25 पल्स, पूर्ण वेगात सेकंदाला 66 हजारांच्या आसपास. एका पल्सला गँट्री 0.004 मिलिमीटरपेक्षाही कमी हलते. प्लाझ्माची चीरच दीड-दोन मिलिमीटर रुंद, तिथे याहून बारीक करून काय मिळणार? झेडचा हिशोब सोपा: 1.8 अंशांचा स्टेपर, 200 पायऱ्या, मायक्रोस्टेप 8 (एका पायरीचे आठ भाग), म्हणून फेऱ्याला 1600 आणि मिलिमीटरला 320 पल्स.

मोटारी रॅकला लावायच्या आधी टेबलावर सुट्या ठेवून फिरवल्या. शाफ्टवर खडूने रेघ मारली, कंट्रोलरला 188.5 मिलिमीटर सांगितलं आणि रेघ बरोबर दहा फेऱ्यांनी जागेवर आली. वायच्या दोन मोटारी समोरासमोर असल्यामुळे एकीची दिशा ड्राइव्हमध्ये उलटी करावी लागते. ते न पाहता दोन्ही बाजू रॅकला जोडून स्टार्ट दाबलं तर एक बाजू पुढे, एक मागे, आणि गँट्रीची कैची होते. तीच भीती एका ड्राइव्हचा अलार्म आला तर असते. दुसरा धावतच राहतो. म्हणून तिन्ही ड्राइव्हचे अलार्म छोट्या रिलेंमधून सीरिजमध्ये घेतले. एक तुटला की सगळे ॲक्सिस थांबणार आणि टॉर्च विझणार. या कामाला घासाघीस करू नये.

होमिंगचे, म्हणजे मशीनला सुरुवातीची जागा दाखवणारे, सेन्सर जुने पीएनपी निघाले आणि कंट्रोलरला उलट जोडणीचे, एनपीएन, हवे होते. सेन्सर नवेच घेतले. वायच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र सेन्सर लावले, म्हणजे होम करताना गँट्री स्वतःच काटकोनात येते. तपासायला 3000 बाय 1500 च्या चौकटीचे चार कोपरे प्लेटवर ठोकून घेतले आणि कर्ण टेपने मोजले. दोन्ही 3354 यायला पाहिजेत. फरक निघाला तो एका बाजूच्या होम ऑफसेटमध्ये, म्हणजे सेन्सरपासून होमच्या अंतरात, टाकला.

कोरडी धाव पाहून आमचे ऑपरेटर मामा म्हणाले, “भाऊ, ही तर आवाजच करू नाही राहिली!” जुन्या स्टेपरच्या किंकाळीची त्यांना सवय होती. मी म्हटलं, “मामा, टॉर्च पेटू द्या, मग बोला.”

टॉर्च पेटली आणि डिस्प्लेवरचा झेडचा आकडा उड्या मारायला लागला. कधी लिमिट स्विच (धाव संपल्याचं सांगणारा) लागल्याचा खोटा अलार्म. विकणाऱ्याच्या माणसाने फोनवरच निकाल दिला की कंट्रोलरचा बोर्ड खराब आहे, पाठवून द्या. मला पटलं नाही. प्लाझ्मा बंद ठेवून तोच प्रोग्राम तासभर चालवला, आकडा तसूभर हलला नाही. मग मशीन उभी ठेवली आणि टॉर्च टेबलाच्या कोपऱ्यात भंगाराच्या तुकड्यावर पेटवली. मोटार जागची हलली नाही, तरी आकडा उडाला. म्हणजे बोर्डाचा काही दोष नव्हता. आमचा प्लाझ्मा हाय फ्रिक्वेन्सीने ठिणगी पाडतो, आणि ती ठिणगी प्रत्येक तारेत शिरत होती.

पुढचं सगळं काम तारांचं. पल्सच्या केबली शील्डवाल्या (धातूच्या जाळीचं वेष्टन असलेल्या), पीळ दिलेल्या जोड्यांच्या घेतल्या. शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ केली. टॉर्चची केबल वेगळ्या ड्रॅग चेनमध्ये (केबल घेऊन सरकणाऱ्या साखळीत) टाकली. टेबल, पॅनल, प्लाझ्मा सोर्स यांच्या जाड तारा एकाच तांब्याच्या पट्टीवर आणल्या. गँट्री बेअरिंगवर चालते, बेअरिंगमधल्या ग्रीसवर अर्थिंगचा भरवसा धरता येत नाही, म्हणून गँट्रीपासून टेबलाला तांब्याची विणलेली पट्टी जोडली.

एवढं करूनही थोडं राहिलंच होतं. अर्थिंगचा खड्डा उघडून पाहिला. आपली काळी माती. मार्चमध्येच तिला बोट जाईल एवढ्या भेगा, आणि रॉड मातीला नीट टेकलेलाच नाही. खड्डा पुन्हा कोळसा-मीठ घालून भरला आणि पाणी सोडलं. जालन्यात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि हे अर्थिंगला पाणी पाजतायत म्हणून शेजारचे शेडवाले हसले. आता हात धुवायच्या बेसिनचं पाणीच तिकडे वळवलंय. त्या दिवसापासून झेडचा आकडा जागेवर आहे. बोर्ड परत पाठवला असता तर नवीन बोर्डानेही हेच केलं असतं.

शेवटची किरकिर टॉर्चच्या उंचीची. आर्कचं, म्हणजे टॉर्च आणि प्लेटमधल्या ज्वाळेचं, व्होल्टेज वाढलं की टॉर्च प्लेटपासून लांब गेली असं समजून कंट्रोलर झेड खाली आणतो. पण कोपऱ्यावर वेग कमी होतो, चीर रुंद होते आणि व्होल्टेज आपोआप वाढतं. कंट्रोलर फसतो आणि टॉर्च प्लेटवर आदळायला निघते. म्हणून ठरलेल्या वेगाच्या खाली गेलं की उंचीचा कंट्रोल गोठवायचं सेटिंग असतं, ते चालू केलं. बोल्टची लहान भोकं तर मुद्दाम कमी वेगात, उंचीचा कंट्रोल बंद ठेवूनच कापतो. तेव्हा कुठे बोल्ट न ठोकता बसायला लागले.

ॲक्सलरेशन कागदावरच्या आकड्याला ठेवलं तर गँट्री कोपऱ्यावर थरथरते, ते कानाने आणि कापलेल्या कडेकडे बघून कमी केलं. वायच्या दोन्ही ड्राइव्हचा गेन, म्हणजे जागेतली चूक किती जोराने सुधारायची ते, सारखाच ठेवला. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात पॅनल तापतं, त्याला फिल्टरवाले पंखे बसवले. फिल्टर दर आठवड्याला झटकावा लागतो, कारण प्लाझ्माची धूळ लोखंडाची असते आणि ड्राइव्हच्या आत गेली की शॉर्ट करते. कंट्रोलरचे पॅरामीटर पेनड्राइव्हवर घेतले, ड्राइव्हचे कागदावर उतरवून लॅमिनेट केले आणि पॅनलच्या दाराला आतून चिकटवले. मामांना त्या कागदाला हात लावायची बंदी आहे, पण फिल्टर तेच झटकतात.