चिमणीतल्या पाकोळ्या : पिट्सबर्गच्या मोजणीची वही, हंगाम २०२५

आधी नावाचा गोंधळ निस्तरते. 'चिमणी स्विफ्ट मोजतेय' असं घरच्या ग्रुपवर लिहिलं, तर भावाचं उत्तर आलं, "अमेरिकेत चिमण्या मोजायला गेलीस?" मावशीला पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळच माहीत, त्यामुळे ती जरा धास्तावली. तर चिमणी म्हणजे धुराडं, आणि पाकोळी म्हणजे स्विफ्ट. आपल्याकडे पुलाखाली नि किल्ल्यांच्या कमानीत पिसं आणि काड्या थुंकीने चिकटवून घरटी करणाऱ्या घरपाकोळीची ही उत्तर अमेरिकेतली नातेवाईक. वजन वीस-पंचवीस ग्रॅम, रंग काजळीचा, शेपटीच्या पिसांना काट्यासारखी टोकं. पाय असे की तारेवर किंवा फांदीवर बसताच येत नाही. उभ्या भिंतीला नख्या रोवून, शेपटीचा टेकू देऊन लटकायचं. पूर्वी या पोकळ झाडांत राहत. ती जंगलं तुटली तशा या विटांच्या चिमण्यांत आल्या. आता चिमण्याही कमी होतायत आणि पाकोळ्याही. २०१८ पासून या पक्ष्याची नोंद धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून आहे.

आमची चिमणी एका जुन्या शाळेच्या बॉयलरची, मोनोंगाहेला नदीकडून वर चढणाऱ्या टेकडीवर. चौकोनी, विटांची, आत पत्र्याचं अस्तर नाही, वर झाकण नाही. पाकोळीला हवं ते हेच. पत्र्यावर नख्या धरत नाहीत, आणि झाकण बसलं की विषयच संपला. ही चिमणी शोधली आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेने. संध्याकाळी मुक्कामाला चिमणीत किती पाकोळ्या शिरतात ते ती दहा-बारा वर्षं मोजतेय. मी मागच्या वर्षी नुसती बघायला जात होते, वही माझी अशी या वर्षीच सुरू केली.

शनिवार, ९ ऑगस्ट. सूर्यास्त ८:२७. आकडा ६३.

ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी (शुक्रवारही चालतो) अमेरिकाभर लोक आपापल्या चिमणीखाली जाऊन बसतात. 'अ स्विफ्ट नाइट आउट' नावाचा हा उपक्रम टेक्सासच्या ड्रिफ्टवुड वाइल्डलाइफ असोसिएशनचा. नियम साधे : सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचायचं, शेवटचा पक्षी आत गेल्यावर दहा मिनिटं थांबायचं. ऑगस्टमध्ये सोपं असतं. चिमणी कितीही मोठी असली तरी घरटं एकाच जोडीचं. बाकीचे आसपासच्या घरांतून पिल्लं मोठी करून मुक्कामाला आलेले. एकेक करत आत जातात, बोटांवर मोजता येतील इतक्या शांतपणे.

जागा बदलून पाहिली, ते मात्र नोंदवण्यासारखं. चिमणीच्या पूर्वेला बसायचं आणि पश्चिमेकडे बघायचं. मावळतीच्या उजेडावर चिमणीचं तोंड आणि पक्षी दोन्ही काळे, स्वच्छ दिसतात. मागच्या वर्षी मी उलट बाजूला बसायचे, कारण तिथे बाक होता. आता चटई नेते आणि सरळ उताणी पडते. मान वाचते. शाळेत वॉकला येणारे लोक बिचकतात, त्याला इलाज नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट. सूर्यास्त ८:०७. आकडा १८८.

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलीय, तिला सोबत नेलं. तिच्याकडे बोटात घालायचा जपाचा काउंटर असतो, अंगठीसारखा, वर बटण. मी वहीत रेघा ओढतेय हे बघून म्हणाली, "अगं, हा घे की." घेतला. शून्यापासून सुरू करावं म्हणून दुसरं बटण दाबलं, आणि आईचा एकेचाळीस हजारांच्या पुढे गेलेला जप पुसला गेला. मला घाम फुटला. आई वर बघत होती. "राहू दे, त्याच्याकडे हिशेब असेल. त्या बघ, दोन बाहेर आल्या, त्या वजा केल्यास का?"

केल्या नव्हत्या. आत गेलेले पक्षी पुन्हा बाहेर येतात, हे मी तोवर धरतच नव्हते. आता बाहेर आलेल्यांसाठी डाव्या हाताची बोटं. उशिरा बाहेर पडणारी वटवाघळंही यात मिसळतात. त्यांचं उडणं लडबडतं, पाकोळीचं ताठ पंखांनी कापत जाणारं. अंधारात हा फरक सांगणं सोपं नाही, मावशीची भीती अगदीच निराधार नव्हती.

शनिवार, ६ सप्टेंबर. विसर्जन. आमच्याकडे नोंद नाही. शिक्षिकाबाई एकट्या होत्या, त्यांचा आकडा ३१०.

शनिवार, १३ सप्टेंबर. सूर्यास्त ७:३३. आकडा... सांगते.

ज्यासाठी ही वही लिहावी असा दिवस. थंडी पडायला लागली की उत्तरेकडचे पक्षी खाली सरकतात आणि वाटेतल्या मोठ्या चिमण्यांवर गर्दी करतात. साडेसातला आकाशात पंचवीस-तीस होते, पावणेआठला मोजता येणार नाहीत इतके. सगळे एकाच दिशेने फिरायला लागले. मग मधला खळगा पडला. पिठाच्या गिरणीत वरच्या पेटीत गहू ओतल्यावर दाणे जसे गोल फिरत मधोमध खचत जातात, तसं. (धूर उलटा चिमणीत शिरतोय ही उपमा सगळेच देतात. धुराला इतकी घाई नसते.) तोंडाशी आल्यावर पाकोळी पंख वर करून वेग कमी करते आणि फडफडत खाली पडते, सुकलेलं पान पडावं तशी.

तिघांनी मोजलं. माझा आकडा ४१२. शिक्षिकाबाईंचा ५३०. तिसरा एक कॉलेजचा मुलगा, पहिल्यांदाच आलेला, त्याचा ४७०. एकाच चिमणीचे, एकाच वीस-बावीस मिनिटांचे.

नशिबाने मी फोन तिकाटण्यावर लावून व्हिडिओ घेतला होता. रविवारी सकाळी तो पाव वेगाने चालवून, थांबवत थांबवत मोजला. ५६६. व्हिडिओही पूर्ण खरा नाही, शेवटी शेवटी विटांच्या काळ्या पार्श्वभूमीवर पक्षी हरवतात. म्हणजे खरा आकडा याहून जास्तच.

मग १५४ पाकोळ्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या कुठे? मी मोठ्याने मोजत होते, त्यामुळे व्हिडिओत माझा आवाज होता. मिनिटागणिक ताडून पाहिलं. सगळ्यात गर्दीच्या चार मिनिटांत व्हिडिओत ७१, ११८, ९६ आणि ६४ होत्या. माझ्या तोंडी ५४, ६०, ५१ आणि ४०. उरलेल्या सगळ्या वेळात मिळून फरक फक्त दहाचा. सावकाश चालू असताना मी चांगली मोजते, गर्दी झाली की माझा वेग मिनिटाला पन्नास-साठच्या वर जातच नाही. ११८ येवोत की ७१, मी आपली साठाच्या आत.

कारण ऐकून हसू आलं. माझाच आवाज : "अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी, एक्क्याऐंशी..." मराठी आकडे लांब, त्यात एकोणऐंशी आणि एकोणनव्वद जिभेवर एकमेकांत अडकतात. मी पाकोळ्या मोजतच नव्हते, पाढ्याशी झुंजत होते. जीभ जितक्या वेगाने वळेल तितकेच पक्षी आत जात होते.

शिक्षिकाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्या एकूण कधीच म्हणत नाहीत. डोळ्यांनी पाचाचा घास घ्यायचा, एकदा बटण. फारच दाटी झाली तर दहाचा घास. एकूण किती झाले ते शेवटचा पक्षी जाईपर्यंत बघायचंच नाही, कारण आकडा कळला की मन त्याला गोल करायला बघतं.

एकोणिसाव्या शतकातला पक्षी-चित्रकार ऑड्युबॉन याने केंटकीतल्या लुइव्हिलजवळच्या एका पोकळ सिकॅमोर झाडातल्या पाकोळ्या मोजल्या, तेव्हा त्याने हा त्रासच टाळला होता. रात्री आत शिरून भिंतीवर एका चौरस फुटात ३२ असं धरलं, आतल्या पृष्ठभागाने गुणलं आणि नऊ हजार लिहून मोकळा झाला. त्या नऊ हजारांकडे मी आता जरा वेगळ्या नजरेने बघते.

रविवार, १४ सप्टेंबर. आकडा ५४८.

पाचाचा घास, तोंड बंद. बटण ११० वेळा, म्हणजे ५५०, वजा बाहेर आलेल्या दोन. व्हिडिओत ५७१. एका दिवसात सत्तावीस टक्क्यांची चूक चारवर आली. शेजारी आई स्वतःच्या नवीन काउंटरवर जप करत होती आणि दोघींच्या बटणांचा आवाज मिसळत होता, तरी जमलं. कालच्या तारखेला वहीत तिन्ही आकडे ठेवलेत, खाली व्हिडिओचा चौथा. खोडलं काहीच नाही.

शनिवार, २० सप्टेंबर. सूर्यास्त ७:२१. आकडा १३०, अपुरा.

कूपर्स हॉक, शिकारी पक्षी. आपल्या शिक्र्याचा थोरला भाऊ म्हणावा असा. १३० आत गेल्यावर तो येऊन चिमणीच्या काठावर बसला, दुकानदार गल्ल्यावर बसावा तसा. वरचा भोवरा फुटला, पक्षी नदीच्या दिशेने गेले आणि परतले नाहीत. अशा दिवशी नुसतं '१३०' लिहिलं तर पुढे कुणीतरी संख्या कोसळली समजेल, म्हणून शेरा महत्त्वाचा. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, ६०५. हंगामातला सर्वांत मोठा आकडा तोच ठरला.

शनिवार, ४ ऑक्टोबर. सूर्यास्त ६:५७. आकडा ९६.

दसरा झाला आणि पाकोळ्यांनीही सीमोल्लंघन केलं. त्या जातात अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात. हे कळायला १९४४ साल उजाडावं लागलं : उत्तर अमेरिकेत पायात कडी घातलेल्या पाकोळ्यांपैकी तेरा कड्या पेरूतल्या आदिवासींकडून परत आल्या, तेव्हा उलगडा झाला. तोवर हा सगळा समुदाय हिवाळ्यात कुठे जातो याचा पत्ता नव्हता.

थंड आणि ढगाळ संध्याकाळी त्या सूर्यास्ताच्याही आधी आत शिरतात. आज मी पोचले तेव्हाच काही आत गेलेल्या असणार. ९६ च्या पुढे 'किमान' लिहिलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर : ७. सोमवार, १३ ऑक्टोबर : ०. मंगळवार, १४ ऑक्टोबर : ०.

शून्यासाठीही पूर्ण वेळ बसायचं, हे मला शिक्षिकाबाईंनी दोन वेळा बजावलंय. कुणी आलंच नाही म्हणून घरी निघून गेलं तर वहीत कोरी जागा राहते, आणि कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. दोन्ही दिवशी चाळीस-चाळीस मिनिटं बसले. आई दुसऱ्या दिवशी आली नाही, "रिकामं धुराडं काय बघायचं" म्हणाली.

चिमणीचं काय. शाळा पुढच्या उन्हाळ्यात चिमणीची डागडुजी करणार आहे आणि झाकणाचा विषय निघालाय. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवता येत नाही, पण पक्षी गेल्यावर चिमणी बंद करायला त्या कायद्याची आडकाठी नाही. बंद चिमणीत काय साठलेलं असतं याचं एक उदाहरण मी झाकण नको म्हणून शाळेला केलेल्या अर्जात दिलं : कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या फ्लेमिंग हॉलच्या चिमणीत पाकोळ्यांच्या विष्ठेचा दोन मीटर थर सापडला. १९४४ पासून जवळपास अर्ध्या शतकाचा. शास्त्रज्ञांनी त्याचे पापुद्रे तपासले तर डीडीटी या कीटकनाशकाचा वापर सुरू झाला त्या काळात यांच्या जेवणातले भुंगे कमी झालेले दिसले. म्हणजे तीही एक वहीच, कुणी न लिहिता लिहिली गेलेली.

अर्जासोबत माझ्या वहीच्या प्रती दिल्या. व्यवस्थापनाकडून अजून उत्तर नाही. बॉयलर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने मात्र तिथेच उभ्या उभ्या पानं चाळली आणि १३ सप्टेंबरवर बोट ठेवलं. "एका दिवसाचे चार आकडे? यातला खरा कोणता?" मी सगळं सांगितलं, एकोणऐंशीसकट. तो बराच वेळ हसला. मग विचारलं, शेवटची पाकोळी कधी गेली? अकरा तारखेला सात होत्या, म्हटलं, तेरा आणि चौदाला एकही नाही. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या बॉयलर चाचणीची तारीख ६ ऑक्टोबर होती, ती खोडून १६ केली.